गुडघा बरा होईपर्यंतचा तह

५ मार्च, दुपार
डावा गुडघा कलिंगडाएवढा. परवा बेकरीच्या व्हॅनने उडवलं. चूक शंभर टक्के त्यांची. मी फोनवर बोलत रस्ता ओलांडत होतो हे खरं, पण फोनवर बोलणाऱ्याला उडवावं असा कायदा जॉर्डनमध्ये नाही. व्हॅन चालवणारा लुअय, तीन मुलांचा बाप. माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.
काळजी नाही. जूनमध्ये लग्नाचा मोसम सुरू होईल, तोवर ठणठणीत. नगरपालिकेतली नोकरी पोटापुरती. माझं खरं काम लग्नांत दबका नाचताना रांगेचं टोक धरण्याचं. सॉल्ट गावात या अबू राकानने पाय आपटल्याशिवाय रांग हलत नाही.

८ मार्च
लुअयच्या घरची वडीलधारी मंडळी आली. रीतीप्रमाणे तह मागितला: मी बरा होईपर्यंत भांडण नाही, तक्रार नाही, बरा झालो की बसून कायमचा निकाल. मी दिला. माझा चुलतभाऊ मुस्लिह वकील आहे. जाताना कानात म्हणाला की मुदत फार छान आहे, बरं कधी व्हायचं ते आपल्याच हातात.

१९ मार्च
डॉ. हैसमनी पहिला अहवाल दिला. शेवटचा देत नाहीत. म्हणाले, सूज उतरू दे, व्यायाम करा, गुडघा जेवढा सुधारायचा तेवढा सुधारला की मगच शेवटचा. तोवर तडजोडीवर सही करू नका, आत काय फाटलंय ते अजून कळत नाही.
त्यांच्या लग्नात मीच नाचलो होतो. त्यांनी माझे गुडघे तेव्हा नीट बघायला हवे होते.

२ एप्रिल
व्यायाम उद्यापासून.

६ एप्रिल
मुस्लिहशी बोलून व्यायामाचा फेरविचार केला. जितका लवकर बरा, तितकी भरपाई कमी. म्हणजे व्यायाम न करणं हा आळस नसून नियोजन आहे. नजाहला समजावलं. ती म्हणाली, मग पाय कापूनच टाका, वरचा मजला बांधता येईल. बायकोला कायदा कळत नाही.

११ एप्रिल
विमा कंपनीचा माणूस बघायला आला. दारापासून सोफ्यापर्यंत असा लंगडलो की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नजाहचं म्हणणं, त्याला हसू आवरत नव्हतं. मी उजव्या पायाने लंगडत होतो.

३ मे
शेजारच्या फुहैस गावातल्या एका कंत्राटदाराचा फोन. मुलाचं लग्न, ५ जुलै, सहाशे पाहुणे. रांग मीच धरावी म्हणतो. सांगितलं, गुडघा फर्स्ट क्लास.
तासाभराने मुस्लिहचा फोन. त्याला सांगितलं, गुडघा फार वाईट.
दोन्ही खरं आहे. गुडघा गुंतागुंतीचा अवयव आहे.

२० मे
जिना उतरताना आत कट्ट झालं. हवामान बदलतंय.

२८ मे
डॉक्टर एमआरआय काढा म्हणतात. टाळलं. वाईट निघालं तर लग्न जाईल, चांगलं निघालं तर भरपाई जाईल. ज्या तपासणीत दोन्हीकडून तोटा, ती करू नये.

९ जून
रात्रभर विचार करून मार्ग काढला. निकाल लग्नाआधी लावायचा. आधी आजारी माणसाची भरपाई घ्यायची, मग बरं होऊन नाचायचं. लुअयच्या मंडळींना स्वतःच निरोप धाडला: या.
मुस्लिह ओरडला की शेवटचा अहवाल हातात नाही, काय दाखवून मागणार. मी म्हणालो, गुडघा माझा आहे, डॉक्टरचा नाही.

१९ जून
उद्या बैठक. मुस्लिह शिकवणी घेऊन गेला. पाहुणे कॉफीचे पेले समोर ठेवतील. त्यांची मागणी मान्य झाल्याशिवाय पिणार नाहीत. ते आधी ‘माफ करा’ म्हणतील. मी गप्प बसायचं. उपचारांचा खर्च, बुडालेला मोसम, पुढचं ऑपरेशन, सगळं त्यांनी कबूल केलं की मग ‘प्या’ म्हणायचं. त्याआधी तोंडातून ‘प्या’ काढायचं नाही, कारण ‘प्या’ म्हणजे माफ केलं.
हे मला शिकवतो. अशा किती बैठकांत मी बसलोय.

२० जून, संध्याकाळ
ऐतिहासिक दिवस. लुअयकडची तीस माणसं. पुढे अबू झैदान, निवृत्त हेडमास्तर, ऐंशी पार. आमच्या गल्लीच्या पायऱ्या चढून आल्याने धापा टाकत होते. पेले समोर ठेवले गेले. त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आमच्या घराच्या मोठ्या मनाची तारीफ केली. मी पाषाण. मुस्लिह कौतुकाने बघत होता.
मग त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबेना. चेहरा जांभळा झाला. मी म्हणालो, “काका, घोटभर प्या हो.”
अबू झैदान यांनी पेला उचलला आणि ते प्यायले. तिसांनी उचलले, तिसांनी प्यायले. सगळे उठून म्हणाले, अल्ला तुझं तोंड उजळ करो. लुअयने माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि ढसाढसा रडला. कागद तयारच होता: मागचं माफ, पुढचंही माफ, काही मागणं नाही. तिसांसमोर मागे कसा फिरणार? सही केली.
विचार करता माझा आधीपासून हाच बेत असावा.
सगळे गेल्यावर मुस्लिह एकच वाक्य बोलला. “पाणी द्यायचं होतंस.”

५ जुलै, रात्र
सहाशे पाहुणे. पहिला पाय आपटला तो उत्तम. दुसरा वर आला नाही. गुडघा दुमडला तिथेच अडकला. मला खुर्चीत बसवून खुर्चीसकट स्टेजवरून खाली नेलं. लोकांना वाटलं नवीन प्रकार आहे, टाळ्या पडल्या.

१६ जुलै
एमआरआय झाला. गुडघ्यातली गादी फाटलेली, बहुतेक मार्चपासूनच. वेळेत कळलं असतं तर शिवता आली असती. आता फाटका भाग काढून टाकायचा. चालता येईल. पाय आपटता येणार नाही. मी विचारलं, या मोसमात? डॉ. हैसम म्हणाले, कुठल्याच.
मग त्यांनी दाव्याचं विचारलं. आता भक्कम अहवाल देतो म्हणाले. मी सांगितलं, माफ केलंय.
त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही केलंत, अबू राकान. गुडघ्याला विचारलं होतं?”
टॅक्सीने घरी आलो. दारात लुअय, हातात गरम पावाची पिशवी. लग्नातलं त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, तुम्ही बरे होईपर्यंत रोज आणून देईन. त्याला काही सांगितलं नाही. आत बोलावलं, बसवलं. नजाहला म्हटलं, कॉफी टाक.
ती म्हणाली, चहा करते.