पंचवीस-पस्तीस बनत नाही

५ ऑक्टोबर २००३, रविवार
दसरा. सिंगापुरात, आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये शस्त्रपूजा म्हणजे माझा लॅपटॉप, मेधाचं रक्तदाब मोजायचं यंत्र आणि सईचा शाळेचा कॅलक्युलेटर. सई इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "कुंकू नको ला, बाबा, स्पॉइल होईल." शेवटी कव्हरला लावलं.

नागभीडला बाबांना फोन. शिकार बंद झाल्यापासून दसऱ्याच्या सकाळी शेतावर जाऊन रिकाम्या डब्यावर बारकीने, म्हणजे त्यांच्या लहान रायफलने, एकच बार काढतात. आजही काढला, डबा उडाला. वय ऐंशी. काडतुसं चारच उरली.

"सुधीर, तिकडे सगळं मिळते म्हणतेत. आपल्या बारकीचं काडतूस, पंचवीस-पस्तीस नंबरचं, जगात कुठे बनते का तेवढं विचारून ठेवजो. पाठवू नको. बाकीचे अर्ज मी करतो."

बघतो म्हणालो.

१२ ऑक्टो., रवि.
विचारलं नाही. कुठे विचारणार? ऑफिसच्या मशीनवर काय काय शोधतो त्याची नोंद राहते. बँकेतला माणूस रायफलची काडतुसं शोधतोय हे कुणी वाचलं तर? इथे एक गोळी खिशात सापडली तरी माणूस तुरुंगात जातो. त्यात नागरिकत्वाचा अर्ज ऑगस्टमध्येच दिलाय.

घरी शोधता येईल. पण घरचं कनेक्शनही माझ्याच नावावर.

मेधा म्हणते, "नुसतं वाचलं म्हणून कुणी पकडतं का?" ती पुण्याची, तिला कशाचीच भीती वाटत नाही.

२६ ऑक्टो., रवि.
दिवाळीचा फोन. बाबांनी पहिलंच ते विचारलं.

"बंद झालं बाबा. कोणी बनवत नाही आता. सगळीकडे विचारलं."

"अमेरिकेतबी?"

"तिथेही."

मग, "बरं. तू विचारलंस म्हणजे झालं."

मिनिटभरात विषय संपला. सुटलो असंच वाटलं. चकल्या खाल्ल्या.

२१ मार्च २००४, रवि.
तिकडे निवडणुका. लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. बाबा रिक्षाने जाऊन बारकी जमा करून आले, चारी काडतुसांसकट. दर निवडणुकीला करतात. पावती जपून ठेवलीय म्हणाले.

१३ जून, रवि.
निवडणूक होऊन महिना झाला, बाबांनी रायफल परत आणली नाही. ताईने फोनवर सांगितलं. ती तिथेच हायस्कुलात शिकवते, रोज त्यांच्याकडे जाते. तिने कारण विचारलं तर म्हणाले, "चार काडतुसं संपली की काठी काय नि ती काय. राहू दे तिकडे."

ताई म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझ्या मुलानं सिंगापुरातून अख्ख्या जगात चौकशी केली."



१९ फेब्रुवारी २००५, शनि.
गेल्या आठवड्यात गुलाबी आयसी, इथल्या नागरिकांचं ओळखपत्र, हातात आलं. आता नागरिक. आज दुपारी घरी एकटाच होतो. बसलो आणि टाईप केलं.

अर्धं मिनिटही लागलं नाही. बनतं. अमेरिकेत एक कारखाना वर्षा-दोन वर्षांनी थोडी काढतो, जुन्या गिऱ्हाइकांसाठी.

एका पानावर तिकडचे म्हातारे आपसात गप्पा मारतायत. काय ते प्रेम. एकाने लिहिलंय, मोठ्या रायफली घेतल्या, विकल्या, ही राहिली. दुसऱ्याची आजी हिच्यावर हरणं मारायची. आवाज कमी, धक्का नाही, जवळ जायची तयारी पाहिजे, घाई नको. बाबा इंग्रजीत बोलतायत असं वाटत होतं. ते एवढंच म्हणायचे, "बारकी ओरडत नाही, काम करते."

मी अकरा वर्षांचा होतो. बारा बोरच्या बंदुकीच्या धक्क्याने खांदा काळानिळा झाला, रडलो. बाबांनी कपाटातून ही काढली. लाकडाच्या व्यापारातला एक साहेब देश सोडून जाताना त्यांना विकून गेला होता. करंगळीएवढं काडतूस, मानेशी निमुळतं. खालचा दांडा ओढला की रिकामं पितळ टुणकन बाहेर. गरम असतानाच त्याचा वास घ्यायला मी आणि ताई भांडायचो.

नेम ताईचाच. परमिटवर चितळ मारता यायचं तेव्हा. तिने साठ पावलांवरून एका बारात पाडलं. पुढच्या वेळी माझी पाळी. घाई केली, हरणाचा पाय मोडला आणि ते पळालं. बाबा अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर चालत राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाई कशाची होती?"

त्या दिवाळीच्या फोनवरही मला घाईच होती.

२० फेब्रु., रवि.
फोन केला. सांगायचं ठरवून केला. गुडघे, गहू, ताईची बदली यावर बोललो.

मनाला समजावतो की भारतात आणायची परवानगी मिळालीच नसती. खरंही असेल. पण दारासमोरचा विजेचा खांब चार हात सरकवायला ज्या माणसाने अकरा वर्षं अर्ज केले आणि सरकवला, त्याने यावर दोन वर्षं मजेत घालवली असती. नागपूर, मुंबई, दिल्ली. पोस्टमनची वाट पाहत. काडतूस मिळो न मिळो, ते अर्ज मी त्यांच्याकडून काढून घेतले.

२७ डिसेंबर २००५, मंगळ., नागभीड
आठ दिवसांसाठी आलोय. कपाटात बारकीची जागा रिकामी, तिथे औषधांचे खोके. सकाळी बाबांचे जुने कंपाउंडर आले होते. बाबा गुरांचे डॉक्टर होते तेव्हापासूनचे. माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "यानंच केली चौकशी. जगात नाही आता." कंपाउंडरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी चहा पीत होतो, पीत राहिलो.

उद्या सांगतो.

२८ डिसें.
नाही.

१ जाने. २००६
विमानात. नाही सांगितलं.

३ ऑगस्ट २००६, गुरु.
बाबा गेले. पहाटे, झोपेत. तिकीट उद्याचं मिळालं.

२१ ऑक्टोबर २००७, रवि.
दसरा. ताईचा फोन, तिनेच केला.

बारकी अजून ठाण्यात पडून आहे. वारस म्हणून लायसन आपल्या नावावर करून घ्यावं असा ताईचा विचार. छपन्नाव्या वर्षी. म्हणाली, "तुला तर आता मिळणार नाही, तू तिकडचा झालास. मला हवी आहे. दसऱ्याला घरात पाहिजे." तिला हवी होती हे मला कधी ठाऊकच नव्हतं. की ठाऊक होतं? नेम तिचा चांगला, पण 'पुढे सुधीरची' असंच घरात बोललं जायचं. तिनेही कधी मागितली नाही.

माझं नाहरकतपत्र लागेल, नोटरीचा शिक्का मारून. लगेच पाठवतो म्हणालो.

मग म्हणाली, "नागपूरच्या दुकानदाराशी भांडून आली मी. म्हणतो कसा, मॅडम, ही काडतुसं अमेरिकेत बनतात, अर्ज करून बघा. मी म्हटलं, काऊन खोटं बोलता? माझ्या भावानं सगळ्या जगात विचारलं आहे. त्यानं 'नाही' सांगितलं म्हणजे नाही. तोंड पाडून बसला बिचारा."

आणि हसली.

मी पण हसलो. हसलो मी.

२८ ऑक्टो., रवि.
नाहरकतपत्रावर सही-शिक्का झाला. सोबत ताईला पत्र लिहायला बसलो. तीन फाडली. पहिल्यात नागरिकत्वाचा अर्ज, ऑफिसचं मशीन, इथले कायदे, सगळं आलं होतं. वाचून माझीच मला लाज वाटली. ताईला कायदे काय करायचेत?

हे कळल्यावर ती मला काय म्हणेल याची भीती नाही. बाबा तीन वर्षं ज्याला-त्याला काय सांगत होते ते तिला आठवेल, त्याची आहे. बाबांचा तेवढा एक अभिमान तिच्याकडे शिल्लक आहे. तोही मीच काढून घेऊ?

पण नाही सांगितलं तर तीही अर्ज करणार नाही.

३१ ऑक्टो., बुध.
चौथं पत्र चार ओळींचं झालं. "ताई, दुकानदार खरं बोलतोय. मी कुणालाच विचारलं नव्हतं. बाबांनाही खोटंच सांगितलं. तू अर्ज कर."

घडी घातली. टेबलावर लिफाफा, शेजारी नाहरकतपत्र, शेजारी हे पत्र.

मेधा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ड्युटीवर निघाली होती. एका हाताने चपला चढवत तिने लिफाफा आणि नाहरकतपत्र उचललं. "एमआरटी स्टेशनजवळच्या पेटीत टाकते. यात एकच कागद जायचाय ना?"

थांब, म्हणालो.

ती दारात उभी आहे.