नवव्या वाफेनंतर

बाबा,

उद्या आपला मळा शिल्लक असेल का? मला सांगता येत नाही.

जिह्वांग या औषधी झाडाची मुळं नऊदा वाफवून नऊदा वाळवायची, ही आपली रीत. प्रयोगशाळेसाठी मी कच्ची मागितली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, कच्चं मूळ म्हणजे नुसती माती. पण तू शिकलेली, तुला जास्त कळतं."

कच्च्या मुळात गुणकारी काहीच निघालं नाही, आणि तेच मी प्रबंधात लिहिलं. ते वाचून व्यापारी फिरले, गावाने मळे नांगरायला काढले. शेजारच्या मक्सुनकाकू फोनवर म्हणाल्या, "घरातली पहिली पदवीधर ना तू? सगळ्या गावाच्या चुली विझवल्यास, बाई."

काल मी आईने दिलेल्या बरणीतलं, नऊदा वाफवून काळं झालेलं मूळ तपासलं. सूज उतरवणारं द्रव्य त्यात भरपूर आहे. ते वाफवतानाच तयार होतं. आपल्या मळ्यावर उद्या नांगर फिरणार, आणि तुम्ही माझा फोन घेत नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "गप्प बस, नाहीतर पदवी जाईल."

आज सकाळी मी प्रबंध मागे घेतला. व्यापाऱ्यांना चूक माझी असल्याचं लेखी कळवलं. हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून टाकत नाही. ते हातात घेऊन मी आपल्या सान्चाँगच्या बसमध्ये बसले आहे.

तुमची चुकलेली,
गाउल