चार गेअर मागे, एक पुढे

एकोडी, ता. साकोली
श्रावणातला पहिला सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप कृष्णरावमामांस,

टेकचंदचा नाकाडोंगरीकडे तोंड करून नमस्कार. (दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर पाहून घेतली. आधी मी गोंदियाला नमस्कार करत होतो.) मामींचा खोकला कसा आहे? तुमचा डावा कान कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, कारण तो तुम्ही खाणीच्या वर्कशॉपला नोकरीतच देऊन टाकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमच्या सूनबाईची, अंजूची, कंबर बरी आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत, पण गुडघे सोडून बाकीची आई इतकी ठणठणीत झाली आहे की, त्याचीच काळजी वाटते.

गेल्या आठवड्यात मी फोनवर गाडीचं सांगायला लागलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बिघाडाचा रिपोर्ट मी तोंडी घेत नाही, लिहून पाठव," आणि फोन ठेवला. म्हणून लिहितो आहे. तारखा माझ्या डायरीतल्या आहेत. भावना आठवणीतल्या आहेत, तेव्हा त्या थोड्या माझ्या बाजूने झुकलेल्या असतील, ते वजा करून वाचावं.

मूळ कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं वावर नाल्यापलीकडे. आणि घरातली रीत अशी की, धानाच्या रोवणीच्या शेवटच्या दिवशी रोपांची शेवटची पेंडी आईच्या हातची. बाकी सगळं बाया रोवतील, पण तेवढे मूठभर पऱ्हे तिच्यासाठी ठेवायचे. दोन वर्षं झाली, गुडघ्यांमुळे ती गेली नाही. गेल्या वर्षी मी वावरातून व्हिडिओ कॉल लावला होता. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. यंदा मृगातच ती अंगणात पाय पसरून मला म्हणाली, "टेकू, औंदा नाही गेली ना, तं मंग मी वावराचं नाव नाही काढणार. तू पाह्य तुह्यं." हे ती रागाने बोलली असती तर मी ऐकून सोडून दिलं असतं. पण ती तांदूळ निवडता निवडता सहज बोलली. त्या रात्री डायरीत मी एवढंच लिहिलं: "आई खरं बोलली असावी."

बैलबंडीचे हिसके तिला सोसत नाहीत. ट्रॅक्टरवर चढता येत नाही. खाटेवर उचलून नेऊ, असं मी सुचवलं, तेव्हा तिने मला अशा नजरेने पाहिलं की, मी ते वाक्य दोनदा मागे घेतलं. (एकदा पुरे झालं असतं, पण खात्री नव्हती.) राहिला संघपाल.

संघपाल म्हणजे माझा शाळेतला सोबती, रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानाचा मालक. तुम्ही त्याला एकदा भेटलात, तेव्हा त्याच्या वेल्डिंगला "जळलेली जिलेबी" म्हणाला होतात. ते त्याने मनावर घेऊन हात सुधारला आहे. गेटं आणि ग्रिलं हे त्याचं पोट, आणि गाड्या बनवणं हे त्याचं वेड. तीन वर्षांपूर्वी त्याने भंगारातून लाल स्पोर्ट्स कार बनवली. दिसायला फार देखणी. उंची एवढी कमी की आत बसायचं नसे, आत निजायचं. दुकानातून निघून ती पहिल्याच गतिरोधकावर पोटावर बसली, ती अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी उठेचना. शेवटी आठ माणसांनी उचलून परत आणली. मी त्याला आईचं सांगितलं, तेव्हा तो त्या लाल कारकडे बघत म्हणाला, "मास्तर, हिले तोडू. बाईसाठी उंच गाडी बनवू. धुरे चढन अशी." स्वतःचं स्वप्न कापायला त्याने स्वतःच कटर उचलला. मी त्या वेळी फक्त वायर धरली होती.

दीड महिना खपलो. म्हणजे तो खपला. मी कॉलेज सुटल्यावर जाऊन "बरोबर आहे" असं म्हणत असे. लाल कारमधलं इंजिन आणि गिअरबॉक्स (मूळची एका म्हाताऱ्या व्हॅनची), भंगारातल्या जीपचा मागचा एक्सल, ट्रॉलीची चाकं, लोखंडी चॅनलचा सांगाडा. बॉनेट मोडक्या कूलरच्या पत्र्याचं, त्यामुळे हवा आपोआप खेळते. मागच्या हौद्यात आईची लाकडी हातखुर्ची चार क्लिपांनी पक्की केली. आणि संघपालने मागे कोणी बसेल म्हणून खबरदारीने रिव्हर्सचा बोलका हॉर्न लावला. गेअर मागे टाकला की एक बाई गोड आवाजात हिंदीत सांगते, "कृपया हटिए, गाड़ी पीछे आ रही है." मामा, ही बाई लक्षात असू द्या. पुढे तिने मला फार छळलं.

आता मुख्य बिघाड. यात दोष कोणाचा, हे मी चार दिवस विचार करून ठरवलं आहे. माझा.

एक्सलला येणारा शाफ्ट खालून येत होता. आपल्याकडे नाल्यापासून वावरापर्यंत सात धुरे, म्हणजे सात उंच बांध, आहेत. शाफ्ट पहिल्याच धुऱ्यावर घासला असता. मी म्हणालो, एक्सल पालथा बसवू, शाफ्ट वर जाईल. संघपालने चष्मा कपाळावर नेऊन मला विचारलं, "मास्तर, पालथा बसवला तं चाकं सीधी फिरतीन ना?" हा प्रश्न त्याने विचारला होता, हे मी सत्याला स्मरून नमूद करतो. मी वीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आहे. मी खडू घेतला, त्याच्या शटरवर आकृती काढली, उजव्या हाताचा नियम लावला आणि सांगितलं, फिरतील. आता आठवतं की, त्या वेळी माझ्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. नियम मी डाव्या हाताने लावला.

२५ जुलैला संघपालच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत पहिली चाल. मी बसलो. पहिला गेअर टाकला. क्लच सोडला. गाडी अत्यंत सुरेख, जराही न अडखळता, मागच्या भाताच्या तणसीच्या ढिगात शिरली. मला वाटलं गेअर चुकला. म्हणून दुसरा टाकला. ढिगात आणखी आत गेलो. अंजू सांगते की, बाहेरून फक्त कूलर दिसत होता आणि आतून माझा आवाज येत होता, "घर्षण कमी पडत आहे." मी असं बोललो असेन, हे नाकारत नाही.

संघपालने खाली वाकून बघितलं, उठला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "चार गेअर मागे, एक पुढे. अशी गाडी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही मास्तर." मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी का मागून राहिला? एवढी पक्की वेल्डिंग मी जिंदगीत नाही केली. कापायले आता हप्ता लागन." आणि रोवणी संपायला दोन दिवस होते.

हे घरी सांगणं भाग होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, "पुढं जाते ना?" मी म्हटलं, जाते, पण रिव्हर्सच्या गेअरमध्ये, माणूस चालेल तेवढ्या वेगाने. ती म्हणाली, "मंग? मले का रेसले जायचं आहे?"

२७ जुलै, सकाळी आठ. आईने नवं लुगडं नेसून हौद्यातली खुर्ची घेतली. (चढायला संघपालने दोन पायऱ्या वेल्ड केल्या होत्या, त्यातली एकही जळलेली नाही.) ही गाडी पासिंगची नाही, तेव्हा सडकेवर आणणं बेकायदा, म्हणून शेतांमधल्या पांधणीनेच गेलो. तरी पांधण लागेपर्यंत दोनशे चौदा पावलं गावच्या रस्त्यावरून गेलो, याची नोंद डायरीत आहे आणि टोचणी मनात आहे. गाडी पुढे चालली होती आणि ती बाई गावभर ओरडत होती, "गाड़ी पीछे आ रही है." लोक दचकून मागे पाहायचे, मागे काही नसायचं, मग पुढून आम्ही. पानठेल्यावरचा जागेश्वर म्हणाला, "मास्तर, खरं कोण बोलून राहिलं, तू का ते बाई?" सायकलीवाले आम्हाला ओलांडून गेले. एक बकरीही गेली. आई मात्र दोन वर्षांनी घराबाहेर निघाली होती, ती दोन्ही बाजूंना मान हलवत नमस्कार घेत होती. तिला काहीच वेगळं वाटत नव्हतं.

आणि मामा, सांगायला संकोच वाटतो, पण तो गेअर धुऱ्यांसाठीच जन्माला आला होता. वेग नाही, पण ताकद काय! नाल्यात गुडघाभर पाणी होतं. म्हशीसारखी शांतपणे पार झाली. एक धुरा, दोन धुरे, सहा धुरे. मला भलता अभिमान वाटायला लागला. मी आईला मागे वळून तत्त्व समजावायला गेलो, आणि सातव्या धुऱ्याच्या अलीकडच्या बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या खाचरात, पुढची दोन्ही चाकं रुतली.

पलीकडे आमची बांधी. बाया ओळीने रोवत होत्या. मूठभर पऱ्हे बाजूला ठेवलेले मला इथून दिसत होते, शंभर पावलांवर. त्यांच्यातली कौशल्याबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गा मास्तर, पुढं ये ना! का तिथूनच फेकून मारतीन निर्मलाबाई पेंडी?" बाया हसल्या. मी गेअर रेटला, चाकं आणखी खाली. मागे पाहिलं. आई हसत नव्हती. ती त्या पऱ्ह्यांकडे पाहत होती आणि खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. तेव्हा मला कळलं की, ती फिरायला आलेली नव्हती. इथून परत फिरलो असतो तर पुन्हा तिने खरंच वावराचं नाव काढलं नसतं. माझ्या डाव्या हाताच्या नियमामुळे.

संघपाल मागून सायकल ढकलत येत होता. तो बांधीतूनच ओरडला, "अबे मास्तर! चार गेअर कायले ठेवले? मागं काढ, फिरव, अन् पाठीकडून घाल!"

मागे निघालो, ते सुसाट निघालो. गाडी फिरवली, आणि संघपालने क्लिपा सोडून आईची खुर्चीही फिरवून बसवली. आता आईचा हौदा पुढे, आणि मी तिच्या मागे, मान उलटी करून. पण मला दिसत होती फक्त आईची खुर्ची. म्हणून आईनेच हुकूम हाती घेतला. "डावीकडं. अजून डावीकडं. आता दाब!" दुसऱ्या गेअरला आम्ही सातवा धुरा चढलो, क्षणभर चारही चाकं आभाळात होती (संघपाल म्हणतो दोनच), आणि मामा, तुमची बहात्तर वर्षांची बहीण सिनेमातल्यासारखा हात उंच करून किंचाळली. मी घाबरून ब्रेक दाबला. नंतर कळलं, ती आनंदाची किंचाळी होती. मी ती पूर्वी कधी ऐकलेली नव्हती, म्हणून ओळखली नाही.

गाडी आमच्या बांधीत उतरली ती थेट एक्सलपर्यंत खाली गेली आणि थांबली ती थांबलीच. पण त्यामुळे हौदा चिखलाला टेकला. आईने खुर्चीत बसल्या बसल्या नुसते पाय सोडले, ते सरळ चिखलात. कौशल्याबाईने पेंडी हातात दिली. आईने वाकून एक एक पऱ्हा लावला. मग बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्याकडे रोवणी संपल्याचा बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागितला, मला धरून नखशिखान्त चिखल फासला, आणि गाणी सुरू केली. संघपालने हॉर्नवाल्या बाईची वायर तोडली. गाडी रेड्यांच्या दोन जोड्या लावून तिसऱ्या प्रहरी बाहेर निघाली. ओढून नेताना आई खुर्चीतून उतरली नाही. म्हणाली, "इंजिन नसलं तं अजून चांगली चालते."

तर रिपोर्ट असा आहे. मामींना नमस्कार. तुम्ही एक्सलबद्दल जे काही म्हणाल ते मला मान्य आहे.

तुमचा,
टेकचंद

ता. क. : पत्र पुन्हा वाचलं. "आम्ही बनवली" असं वाटेल, असं बरंच लिहिलं गेलं आहे. गाडी संघपालने बनवली. पालथी मी केली. एवढंच विभाजन खरं आहे.

ता. क. २ : एक्सल सीधा करायला कालपासून सुरुवात करणार होतो. आई करू देत नाही. म्हणते, "सीधी केली तं मले तुही पाठ पाहत बसा लागन. आता मी पुढं राहतो." संघपालनेही तिचीच बाजू घेतली आहे आणि लाल रंगाचा डबा आणला आहे.

ता. क. ३ : मूळ विनंती ही. राखीला आई तुमच्याकडे यायचं म्हणते. याच गाडीने. इथून नाकाडोंगरी ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे; पुढच्या गेअरने निघालो तर एक अख्खा दिवस आणि रात्र लागेल, मागच्याने निघालो तर तुमसरच्या भर चौकातून आम्ही उलटे जाऊ. शिवाय पासिंग नाही, आणि मी शिक्षक आहे. माझं ती ऐकत नाही. कृपा करून तुम्हीच लवकर कळवा की, यंदा राखीला तुम्ही इकडे येत आहात. पाया पडतो.

ता. क. ४ : हे पत्र अंजूने आईला वाचून दाखवलं. आईने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवणं मला भाग आहे. "किसना, तू येऊ नोको. तू दहा वर्षांत आला नाही, आता याच्या कागदानं येशील का? पासिंगची गाडी नाही तं पांधणीपांधणीनं येऊ, नाले आडवे आले तं पार करू. डबा बांधून ठेवला आहे. चिवड्यात लसूण जास्त टाकला, तुले आवडते तसा. टेकू भीत-भीत चालवते, म्हणून अर्धा रस्ता मी चालवीन. संघपाल मले परवापासून शिकवून राहिला, याले सांगितलं नाही."

(हे मला आत्ताच कळलं.)