दोनदा वाढलेली कुंडी

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आप्पांच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. हात बरा आहे, माणूस बरा नाही. डाळिंबाचं बोन्साय उचलताना ते घसरले, तेव्हापासून त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. काल म्हणाले, ते झाड कुणाला तरी देऊन टाक, आता माझ्याच्यानं होत नाही. आपल्यापेक्षा ज्याचे जास्त लाड झाले, ते देऊन टाक! मला धडकीच भरली.

फुटलेल्या कुंडीला सध्या तार गुंडाळली आहे. कोंब यायच्या आत नवी हवी, नंतर मुळांना हात लावता येणार नाही. तुझ्या हातची कुंडी समोर आली तर कदाचित आप्पा उठतील. लांबी सतरा इंच, रुंदी तेरा. रंग साधा तपकिरी. तुझे निळे प्रयोग वहिनीच्या फुलदाण्यांवर कर.

घाई करते म्हणून रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
छोटी

२३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

टोमणा पोचला. पहिली कुंडी वाळताना कोपऱ्यात तडकली. दुसरीसाठी मातीच्या पाट्या जरा जाड कापल्या, सांधे आतून बोटानं दाबले आणि ओल्या कापडाखाली सावकाश वाळू दिली. आज भट्टीतून काढली. टिचकी मारली की खणखणीत वाजते. आप्पांनी नाव ठेवायला जागा शोधूनच दाखवावी!

भुशात बांधून पाठवतो आहे. त्यांनी झाडाला हात लावला की लगेच कळव, इथं माझंही कामात लक्ष नाही.

तुम्हा सर्वांवर लोभ आहेच.

दादा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुंडी देखणी आहे आणि दोन इंच मोठी आहे. भाजल्यावर माती आटते म्हणून मी माप वाढवूनच लिहिलं होतं. तूही वाढवलंस. दोघंही मातीकाम आप्पांच्याच हाताखाली शिकलेले, दुसरं काय होणार!

झाड त्यात ठेवलं तर बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखं दिसायला लागलं. आप्पा खुर्चीतून उठून आले आणि कडाडले. जास्तीची माती पाणी धरून बसेल, मुळं कुजतील, मी घरात असताना मला विचारायला काय झालं होतं, म्हणाले. मग माझ्या टेबलाचा लाकडी खण ओढून काढला, त्यातले कागद पलंगावर ओतले, तळाला भोकं पाडली आणि स्वतः झाड त्यात लावलं. मी मुळं धरायला गेले तर माझा हात झटकला. इतका आनंद झाला की मला रडूच आलं.

तुझी मेहनत मात्र फुकट गेली, दादा. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
छोटी

९ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात कापतो, अक्षर लावून वाच. कुंडी चांगली झाली आहे, भाजणी पुरेपूर. छोटीच्या मते ती वाया गेली. तिला काय कळतंय! डाळिंबाची फांदी छाटली होती, तिचं कलम मी त्यात लावलं आहे. ऐसपैस माती मिळाली की खोड जाड होतं. दहा वर्षं तरी ते तिथंच राहील.

मग त्याला लहान, उथळ कुंडी लागेल. तेव्हा माप मी कळवीन, छोटीला विचारू नकोस.

सर्वांस आशीर्वाद.

आप्पा