अध्यक्षांच्या परवानगीने

अण्णा, परवा मानवतला तुमच्या लेकीला खुर्ची मिळाली. लाल मखमलीची, व्यासपीठाच्या मधोमध. समोरच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्याच बाईंचं नाव छापलेलं होतं, ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला घाईघाईने माझं लिहिलेलं. तुम्ही असतात तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तिघी मजा करायला गेलो होतो. मी, दवाखान्यातून निवृत्त झालेली माझी शेजारीण आणि कॉन्व्हेंटपासूनची माझी मैत्रीण. बाजार समितीच्या आवारात कला-साहित्य महोत्सव होता. सकाळी चित्रं पाहिली, पुस्तकं चाळली, एका बाईने विटेच्या भुकटीची रांगोळी काढली होती तिच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिलो. दुपारी मात्र आभाळ असं फाटलं की मे महिना आहे हे आभाळालाच आठवेना. पुस्तकवाल्यांनी पुस्तकांवर मेणकापड ओढलं, रांगोळी लाल पाणी होऊन वाहून गेली, आणि आम्ही चपला हातात घेऊन मांडवात पळालो. शेजारीण तर चिखलात पाय आपटून हसत होती. तेवढ्यात सूत्रसंचालक धावत आला. कॉलेजात शिकवणारा, मला नावाने ओळखणारा, भला दिसणारा माणूस. कविसंमेलनाच्या अध्यक्षबाई पाथरीच्या अलीकडे पाण्यात अडकल्या होत्या. "मॅडम, तुम्ही बसा ना. लेडीज अध्यक्ष असं पत्रिकेत छापलंय."

बसले. शाल, नारळ झाला आणि मग त्याने माझी ओळख करून दिली. "मॅडम कुठल्या समाजातून आल्यात ते मी सांगायला नको. तरी बघा, इंग्रजी तर सोडाच, मराठीसुद्धा किती शुद्ध बोलतात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, अण्णा. मनापासून वाजवल्या. जिने आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तिला मराठी येतं म्हणून टाळ्या! उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, धारदार, दोनच वाक्यांचं. पण अध्यक्षाने बोलायचं ते शेवटी. आधी सगळे कवी, मग अध्यक्षीय भाषण. तोवर बोलायचं नाही आणि उठायचं तर नाहीच.

उठायचं नाही, हे तर तुमचंच. मी सुट्टीत झरीला घरी आलेली असते, झेंडावंदनाचा दिवस असतो. शाळेपुढे मास्तरांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि दरवर्षीसारखी एक कमी पडते. ती तुमची, तुम्हीही तिथलेच मास्तर असून. तुम्ही झेंड्याच्या खांबाशी हसत उभे असता. मी विचारते तेव्हा म्हणता, "कुणीतरी दोरी धरायला लागतं की." झेंडा कधीचाच फडकलेला असतो. पुढे माझ्या कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगमध्ये मला पाहुण्यांशेजारी बसवलं आणि मी कंटाळून मधेच उठून मैत्रिणींत गेले, तेव्हा बसस्टँडवर सगळ्यांसमोर तुम्ही मला झापलंत. "खुर्ची मिळाली की उठायचं न्हाई. लय जणांना मिळतच न्हाई." त्यानंतर मी कुठल्याही सभेतून मधेच उठले नाही. कसल्या कसल्या सभा, अण्णा!

तर मी बसून होते. पाऊस थांबेना, त्यामुळे लोक हलेनात, आणि लोक हलेनात म्हणून कवींना वाटलं की कविता रंगायलीय. जो तो माइकपुढे येऊन म्हणे, "अध्यक्षांच्या परवानगीने." माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. मांडवाच्या कडेला माझ्या मैत्रिणी कागदावर भजे घेऊन उभ्या होत्या. शेजारणीने खालूनच हात केला, "ये की! गार व्हायलेत!" मी मान हलवली. मग ती स्टेजला येऊन टेकली आणि हळू बोलायचं म्हणून अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलली, "अगं, अंडी उबवायलीस का तिथं?" पहिल्या दोन रांगा हसल्या. मी हसले नाही. माझी दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा घोळवत होते, आणि प्रत्येक कवितेगणिक ती जास्त धारदार होत होती.

जाड मिशांचे एक शेतकरी कवी उभे होते. तीन कविता झाल्या, चौथा कागद त्यांनी उलगडला. "माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आणखी एक छोटीशी रचना..."

"नाही," मी म्हणाले.

माइक माझ्यासमोरही होता. कवी वळून माझ्याकडे बघायला लागले. परवानगीला 'नाही' असंही उत्तर असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. "आं? न्हाई म्हणता?"

"नाही. परवानगी मागितलीत, मी दिली नाही. बसा."

मग जो हशा उठला, त्यात कवी स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले आणि कागद खिशात घालून बसले. माझ्या मैत्रिणी शिट्ट्या मारायच्या तेवढ्या राहिल्या.

मी भाषणाला उभी राहिले. नेमकं त्या जागी मांडव गळत होता. सूत्रसंचालक छत्री घेऊन धावला आणि ती माझ्यावर धरून उभा राहिला. त्याची पाठ भिजत होती, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, आणि तो माझ्याकडे इतक्या आदराने बघत होता की मी तोंड उघडलं आणि म्हणाले, आयोजकांचे आभार, पावसाचेही आभार. त्याच्याकडे वळून 'थँक्यू'सुद्धा म्हणाले. बसले. टाळ्या.

परतीच्या एसटीत दोघी त्या 'नाही'वरच खूश होत्या. "काय झापलंस गं त्याला!" आता परभणीभर सांगत फिरताहेत. तो 'नाही' त्या गरीब कवीसाठी नव्हताच, तो छत्रीवाल्यासाठी राखून ठेवलेला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाही. खुर्चीवर बसून, माइक पुढ्यात असून जे तोंडावर बोलणं मला जमलं नाही, ते झरीला उभ्या उभ्या तुम्हाला का जमलं नाही म्हणून मी तुमच्यावर रागावलेली होते, अण्णा. तुम्ही गेलात, त्या दिवशीसुद्धा.