पहिल्या रांगेतली जबाबदारी

४ डिसेंबर १९९७
नातू सत्यम लातूरला क्लासात, मी त्याच्या भाकरी थापायला संगं. भाड्याची एक खोली, पुढं अंगण. माझी बाज अंगणात. किल्लारीच्या भूकंपाला चार वर्सं झाली, तरी लोक म्हणतात केवळाबाई भिते. खोटं हाय. आत उकडतं. दोन गोधड्या घेतल्या की बाहेर झकास झोप लागते.

७ डिसेंबर
सत्यमनं गिटार आणली. वरातीत वाजवणाऱ्या गुलाम रसूलचा मुनीब ड्रमवर, उदगीरचा शिवप्पा जाड तारांच्या गिटारीवर. झाला रॉक बँड. शिनेमाची गाणी वाजवणार न्हाईत म्हणे, सोताची करणार. मी म्हणलं, वरण उकडता येईना अन् निघाले गावजेवण घालायला. आठ दिवसांत बंद पाडते.

१५ डिसेंबर
पाडलं न्हाई. मुनीबची आजी बेगमबी म्हणाली, केवळाबाय, तुमच्या पोराचा गळा लई गोड हाय. बेगमबीला कळतं. तालीम तिच्या पत्र्याच्या शेडात. मी समोरच्या लिंबाखालून ऐकते. शेडात जागा न्हाई.

२१ डिसेंबर
सत्यमचा बाप ग्यानोबा गावाकडून आला. गिटार बघून म्हणाला, डाक्टर व्हायला धाडलं का तमाशात? मी म्हणलं, तू धावीला तीनदा बसलास, तोंड आवर. शेवटी ठरलं. क्लासच्या गॅदरिंगला एक गाणं. लोक शेवटपर्यंत बसले तर गिटार ठेवायची, उठले तर दुकानात परत. मी म्हणलं, पहिल्या रांगेत मी बसते. उठंल त्याचं तंगडं मोडीन. पोरं खूश.

३१ डिसेंबर
तयारी पक्की. शेजारच्या दानम्माला बजावलं, जे काय उरकायचं ते घरून उरकून ये. मधी उठायचं न्हाई.

१ जानेवारी, संध्याकाळ
मंगल कार्यालय गच्च. निम्मे आईबाप किल्लारीकडचे. मुनीबनं ड्रम हाणला, शिवप्पानं जाड तार ओढली. खुर्ची हलली. फरशी गुरगुरली. वरचे पत्रे खडखडले. मी उठले. चप्पल बघायला. तेवढ्यात कुणीतरी बाई वरडली, बाहेर पळा रे! दानम्मा म्हणते आवाज माझा होता. तिला ऐकू कमी येतं. घटकाभरात तीनशे माणूस मैदानात. सगळ्यात पुढं मी. कुणीतरी वाट दाखवावी लागते. पोरं आत डोळे मिटून वाजवत होती. गाणं संपल्यावर उघडले म्हणे.

४ जानेवारी
ग्यानोबानं गिटार दुकानात परत केली. मुनीबला बापानं वरातीला जुंपलं. शिवप्पा खोलीकडं फिरकत न्हाई. सत्यम पुस्तकात तोंड घालून. मी म्हणलं, त्या दिवशी लोकांनी ऐकू दिलं न्हाई. आता मला एकटीला ऐकीव. मी हलणार न्हाई. लई मागं लागले तवा गुणगुणायला लागला. गळा खरंच गोड हाय. मग त्यानं ताल धरायला पत्र्याच्या पेटीवर थाप मारली. तांब्यातलं पाणी थरथरलं.
स्टोवर दूध होतं, उतू जाईल म्हणून मी पटकन उठून अंगणात आले.
स्टो आत हाय.