आचलची माय केनियात

२७ जुलै २०२५, रविवार

फोन उचलल्याबरोबर सुनेले झाडलं. कशी आहेस, जेवलीस का — थे मंग. म्हटलं, आचलच्या डोक्यात उवा झाल्या, माह्या डोळ्यात मोतीबिंदू, मले लिखा दिसत नाई. अन् तू फोटोत परक्या पोरीची येणी घालून राह्यली!

वर्षाली म्हणे, आई, त्या पोरीले कोणीच नाई.

मंग प्रफुल मधात घुसला, नेटवर्क नाई म्हणे. बायकोवर आलं का याचं नेटवर्क जाते.

नवरा-बायको चांगल्या नोकऱ्या सोडून केनियात गेले. तिथं अनाथ लेकरायचं वसतिगृह आहे. शिकवतात, रांधतात, न्हाऊ घालतात. पगार नाई, सेवा. सात वर्षांची आपली पोरगी इथं अल्लीपुरात माह्यापाशी. तिथं मलेरिया आहे म्हणे. मंग यायले काय मच्छर वळखते? फेब्रुवारीत गेले, सहा महिन्यांसाठी.

२८ जुलै

करंजाचं तेल लावून डोकं बांधलं. वास मारते, पण रडली नाई. रडाले पायजे होती.

१० ऑगस्ट, रविवार

अजून एक वर्ष राहणार! प्रफुल म्हणे, तू आहेस म्हणून आमाले काळजी नाई. मी एकाहत्तर वर्षांची. यायनं काय माह्या पदरात वर्षं बांधून ठेवली?

आचलले मीच सांगितलं. माय येईल तिले देऊ म्हणून डब्यात चिंचेच्या गोळ्या राखल्या होत्या तिनं. वट्ट्यावर बसून एकेक करून सगळ्या खाल्ल्या. मले एक देली नाई.

२२ ऑगस्ट, पोळा

सांजच्याले पिठोरीची पूजा. उपास धरला, वाण खांद्यावरून मागं केलं अन् इचारलं, "अतीत कोण?" दरसाल हे तिची माय इचारते अन् आचल मागून "मी" म्हणून वरडते, वाण घेते. यंदा चूप. तिनदा इचारलं. हात भरून आला. शेजारची शकुबाई म्हणे, लाजली असन. काही लाजली-गिजली नाई. वाण तसंच खाली ठेवलं.

२३ ऑगस्ट

मोबाईलवर वर्षालीचा व्हिडिओ आला. तिथं बी पिठोरी केली म्हणे! खांद्यावर शिऱ्याची ताटली, मागं बारा लेकरं. बाराही "मी, मी" म्हणून वरडत. मराठी शिकवली त्यायले!

आचलनं चारदा पाह्यला. मंग इचारलं, आजी, यायले माय नाई का? मी म्हटलं, नाई. म्हणून गेली का माही माय? हो म्हटलं. चूल पेटत नव्हती, डोळ्यात धूर. पोरगी उठून गेली. बरं झालं, इचारणं संपलं, असं वाटलं मले.

२ सप्टेंबर

जेवते. झोपते. शाळेत जाते. माह्याशी बोलत नाई.

४ सप्टेंबर

शाळेच्या मोनाली मॅडम घरी आल्या. चप्पल काढली, माहा हात धरला, डोळे पुसले. म्हणे, सुलोचनाबाई, एवढं झालं, कळवायचं तरी.

काय झालं म्हटलं.

आचलनं भर वर्गात सांगितलं, माही आई वारली. लेकरायनं दोन मिनिटं उभं राहून शांतता बी पाळली!

मॅडमले खरं सांगितलं. चहा न घेता गेल्या. मंग पोरीले धपाटे घातले. दोन. तिसऱ्याले हात उचलला नाई गेला. जितीजागती माय मारली कार्टीनं. काऊन म्हटलं तं भिंतीकडं तोंड करून बसली.

५ सप्टेंबर

डोकं विंचरतानी आचल आपल्या मनानंच बोलली. "आजी, आता मले बी माय नाई. आता येईल ना थे?"

फणी तिथंच टाकली. मोबाईलवर वर्षालीले बोलून धाडलं, पोरीचं बोलणं जसंच्या तसं. वरून म्हटलं — प्रफुलले मधात घेऊ नको. मले बी काही सांगू नको. तिनं तुले इचारलं. तूच उत्तर दे, अन् तिलेच दे.